रविवारी आजींच्या घरी हरिपाठ

मंडळातल्या सर्व मैत्रिणींनो,

आपल्या आजींचं वर्षश्राद्ध शनिवारी घरच्या घरी होईल. आपण येत्या रविवारी दुपारी ठीक ४ वाजता वाईत, गंगापुरीतल्या त्यांच्या घरी जमायचं आहे. आधी हरिपाठ, मग आठवणी.

– भाषणं नकोत. एकेकीनं एकच आठवण सांगावी.

– हार-फुलं आणू नका. घरी वळलेल्या वाती आणा, त्या घाटावर ढोल्या गणपतीला देऊ. बोटांना चिमूटभर राख लावून आजी बोलता बोलता शंभर वाती वळायच्या, आणि एकही लहान-मोठी नसायची.

– त्यांचं मेतकूट जिनं शिकून घेतलं असेल तिनं प्रमाण लिहून आणावं. हरभरा डाळ किती, उडीद किती, हे आजींनी कधी मोजलंच नाही. डाळ भाजली की नाही ते त्या वासावरून सांगायच्या. नातीला हे सगळं वहीत उतरवून ठेवायचंय, म्हणून जमेल तेवढं नक्की आणा.

– टाळ मंडळाच्या कपाटातून खजिनदार आणतील.

सूनबाई एकट्याच आहेत. चौघींनी तरी ३ वाजताच मदतीला जावं, नावं शुक्रवारपर्यंत कळवा.