ओंकार, आधी टायर बघ

पीटर्सफील्ड, हॅम्पशर
12 मे

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

ताईकडून कळलं की जूनमध्ये तू कामासाठी लंडनला येतोयस आणि एका शनिवारी साउथ डाउन्स वे ही इथली डोंगरवाट सायकलने एका दिवसात मारायचा बेत आहे. बेत चांगला आहे. पण तू विचारलंस ते सगळं चढाबद्दल. माणसं इथे चढामुळे कमी अडकतात. अडकतात ती टायर, पाणी आणि थांबण्यात गेलेल्या वेळामुळे.

विंचेस्टर ते ईस्टबर्न, 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटर. एकूण चढ सुमारे 3,800 मीटर, सिंहगडाचा डांबरी घाट सहा वेळा चढल्याइतका. तरी सिंहगडाचा सराव इथे निम्माच कामाला येतो. तिथे एकदा लय सापडली की तासभर तीच. इथे दीडशे-दोनशे मीटरचा खडा चढ, थोडा माथा, मग सगळी उंची घालवून नदीपर्यंत उतार, की पुन्हा तेच. मीऑन, अरुन, एडर, ऊझ, ककमिअर अशा पाच नद्या ओलांडाव्या लागतात. पुढे 32 दात्यांची चकती आणि मागे 51 दात्यांपर्यंतची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच) असू दे. गवतावर उभं राहून पॅडल मारलंस तर मागचं चाक जागच्या जागी फिरतं, म्हणून बसूनच चढायचं.

आता टायर. हा अख्खा डोंगर खडूचा आहे आणि त्यात चकमकीचे दगड आहेत. चकमक फुटली की ब्लेडसारखी धार येते. ती रबरात घुसून तिथेच बसते, लगेच हवा जात नाही. प्रत्येक फेऱ्याला आत सरकते आणि पाच-सहा किलोमीटरनंतर फुस्स. म्हणून पाण्याला थांबशील तेव्हा चाक फिरवून टायरवरून बोट फिरव. काळी चकचकीत टिकली दिसली तर नखाने किंवा चावीने उकर. ट्यूबलेस (बिनट्यूबचा) टायरच लाव, 2.3 इंची, बाजूची भिंत जाड असलेला. प्रत्येक चाकात 100 मिली ताजं सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव. तू 70 किलोच्या आसपास असशील तर हवेचा दाब पुढे 24 आणि मागे 27 पीएसआय. यापेक्षा कमी ठेवलंस तर उतारावर रिम दगडावर आपटते, जास्त ठेवलंस तर दिवसभर हाडं खिळखिळी. भिंतच चिरली तर सीलंट काही करत नाही. त्यासाठी जुन्या टायरचा बोटभर तुकडा आतून लावायला ठेव. शिवाय भोकात खुपसायचे प्लग, एक ट्यूब, पंप, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक, तुझ्या फ्रेमचा हँगर (मागचा गिअर ज्याला लटकतो तो तुकडा) आणि ब्रेक पॅडची एक जोडी.

पॅड कशाला? कारण ओला खडू. कोरडा असताना तो सिमेंटच्या रस्त्यासारखा पळतो. पाऊस झाला की वरचा थर साबण होतो, आणि त्याचा पांढरा लगदा पॅड घासून टाकतो, फ्रेम आणि टायरच्या मधे भरून चाकही अडवतो. आपल्याकडच्या पावसाळी चिखलात निदान टायर रुततो. इथे तो बाजूला सटकतो. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला तर निघू नकोस. दोन शनिवार हाताशी ठेव.

पश्चिमेकडून पूर्वेकडेच जायचं, कारण वारा बहुतेक नैऋत्येकडून येतो. शुक्रवारी रात्री विंचेस्टरला मुक्काम कर. पहाटेच्या गाडीने वेळेत पोचणं जमत नाही. जूनमध्ये पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सव्वानऊला मावळतो. साडेचारला दिवा लावून निघ. थांबे धरून ताशी 10 किलोमीटर पडले तरी साडेआठला पोचशील. आता हे दोन टप्पे डोक्यात ठेव: अँबर्ली (सुमारे 76 किमी) दुपारी बारापर्यंत, साउथीझ (सुमारे 135 किमी) संध्याकाळी सहापर्यंत. दोन्हीकडे वाटेलगत रेल्वे स्टेशन आहे. साउथीझला सात वाजून गेले असतील तर गाडी पकड. उरलेले 25 किलोमीटर नकाशावर किरकोळ दिसतात, पण तीन चढ आहेत: फर्ल बीकन, अल्फ्रिस्टनवरून विंडओव्हर, आणि जेव्हिंग्टननंतरचा. पहिले दोन जवळपास समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या वर नेतात.

अल्फ्रिस्टनला वाट दुभंगते. सेव्हन सिस्टर्सच्या कड्यावरून जाणारी फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. तू जेव्हिंग्टनची धर. निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकल चालते, पिवळा म्हणजे फक्त पायी. 1968 च्या कायद्याने या घोडवाटांवर सायकलला परवानगी मिळाली, पण घोडेस्वार आणि पायी चालणाऱ्यांना आधी वाट द्यायची या अटीवर. घोडा दिसला की लांबूनच बोल, घंटी वाजवू नकोस; माणसाच्या आवाजाने तो बुजत नाही.

वाटेतली फाटकं मोजायच्या भानगडीत पडू नकोस. बहुतेकांना उंच उभा दांडा असतो, घोड्यावरून हात पोचावा म्हणून. तो सीटवर बसूनही खेचता येतो. पलीकडे गेल्यावर मात्र फाटक नक्की लाव, मेंढ्या असतात. बट्सर टेकडीचा (270 मीटर) गवताळ उतार मोहात पाडतो, पण पायथ्याशी फाटक आहे. अर्ध्यावरच ब्रेक धर.

खडू पाणी पिऊन टाकतो, त्यामुळे माथ्यावर झरा वगैरे काही नाही. नळ खाली खोऱ्यात: कॉकिंग, एडर नदीकाठी बॉटॉल्फ्स, साउथीझ. पाठीवर दोन लिटर, सायकलला एक बाटली, आणि नळ दिसला की भरायचंच. पाऊण लिटरला पाव चमचा मीठ. खाणं तासाला 60 ग्रॅम कर्बोदकांचं, पहिल्या तासापासून. भूक लागल्यावर खायचं ठरवलंस तर उशीर झालेला असतो. पाकिटातल्या गोड एनर्जी जेलचा आठव्या तासाला वीट येतो. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खजूर, चिक्की जाते.

चिक्की आणि गुळपोळ्या तिकडूनच आण. पेढे मात्र नको, दुधाचे पदार्थ भारतातून आणायला इथे मनाई आहे. हे ताईला नीट सांग, नाहीतर ती बॅगेत कोंबणारच.

हँगर तुझ्या फ्रेमचाच असल्याची पुण्यात बसवून खात्री कर. इथे ऐनवेळी तो मिळेलच असं नाही.

तुझी,
मावशी