डायलिसिस युनिटच्या सिस्टर आणि टेक्निशियन मंडळींना

सप्रेम नमस्कार,

डायलिसिसवरची गरोदर बाई सुखरूप मोकळी झाली की अभिनंदन डॉक्टरांचं होतं. निम्म्याहून जास्त काम मात्र तुमच्या मशीनशेजारी झालेलं असतं, म्हणून हे पत्र.

एरवीचे आठवड्याचे १२ तास गरोदरपणात पुरत नाहीत. आईच्या रक्तातला युरिया वारेतून बाळात जातो, बाळाला लघवी जास्त होते, गर्भजल वाढतं आणि कळा वेळेआधी सुरू होतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडा-अमेरिकेतल्या अभ्यासात आठवड्याला २० तास किंवा त्याहून कमी डायलिसिस झालेल्या गरोदरपणांत ४८ टक्के वेळा जिवंत बाळ जन्मलं, ३६ तासांच्या वर ८५ टक्के वेळा. तास वाढवा, असं फाइलवर लिहायला आम्हाला अर्धा मिनिट लागतं. मशीन मोकळं करणं, पाळ्या जुळवणं, जवळजवळ रोज फिस्टुलात (डायलिसिससाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिनीत) सुई घालणं तुमच्या वाट्याला येतं.

ड्राय वेटबद्दल, म्हणजे जादा पाणी काढल्यावर उरायला हव्या त्या वजनाबद्दल, तर विशेष आभार. दुसऱ्या तिमाहीपासून ते आठवड्याला साधारण ३०० ते ५०० ग्रॅम वाढवावं लागतं. जुनाच आकडा धरला तर पाणी जास्त खेचलं जातं, बीपी कोसळतं, वारेला रक्त कमी पडतं. सगळी वाढ बाळाचीच मानली तर पाणी साचून बीपी चढतं. घोटा दाबून पाहणं, चप्पल घट्ट होते का विचारणं, हे तुम्ही न सांगता करता. काट्यावरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

रोजच्या डायलिसिसने नेहमीच्या उलट अडचण येते: एरवी वाढणारे पोटॅशियम आणि फॉस्फरस घटतात. म्हणून बाथमध्ये (मशीनमधल्या डायलिसिसच्या द्रावात) पोटॅशियम ३, गरजेप्रमाणे फॉस्फेट, आणि बायकार्बोनेट २५ च्या आसपास, कारण गरोदर बाईचा श्वास जोरात चालतो आणि नेहमीच्या बायकार्बोनेटने रक्त जास्तच अल्कधर्मी होतं. एका पेशंटसाठी वेगळा बाथ सांभाळणं किती किचकट, हे ठाऊक आहे.

डायलिसिसवरच्या बाईची मासिक पाळी मुळात अनियमित, त्यामुळे दिवस गेल्याचं उशिरा कळतं; रक्तातलं एचसीजी (गरोदरपणाच्या चाचणीत मोजतात ते संप्रेरक) किडनीच्या आजारात गरोदरपण नसतानाही वाढलेलं असू शकतं, म्हणून सोनोग्राफी हवीच. एरिथ्रोपोएटिनचा (रक्त वाढवणाऱ्या इंजेक्शनचा) डोस तोच असून हिमोग्लोबिन उतरतंय, म्हणजे दिवस तर गेले नाहीत ना, ही शंका बरेचदा तुम्हीच आधी काढता. ती काढत राहा, रात्री फोन करावा लागला तरी.

आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या डायलिसिसला जुनं ड्राय वेट वापरू नका, आम्हाला बोलवा.

आपले,
किडनी आणि प्रसूती विभागातले डॉक्टर