सैन्यातली वकिली न्यायाधीशपदासाठी का मोजू नये?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या करिअर पुरवणीत लष्कराच्या ‘जॅग’ शाखेची, म्हणजे सैन्याच्या विधी विभागाची माहिती वाचली. पदवीला ५५ टक्के, वय २१ ते २७, ‘क्लॅट’ या कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचे गुण, सैन्याच्या निवड मंडळाची (एसएसबी) मुलाखत, मग चेन्नईला प्रशिक्षण, हे सगळे बरोबर आहे. पण ‘पुढे न्यायाधीश होण्याचा राजमार्ग’ हे उपशीर्षक वाचून कोर्ट नाक्यावरच्या आमच्या बाररूममध्ये हशा पिकला.

काम न्यायाधीशाच्याच तोडीचे आहे, यात वाद नाही. लष्कर कायदा, १९५० च्या कलम १२९ नुसार जनरल कोर्ट मार्शलला, म्हणजे गंभीर गुन्ह्यांसाठीच्या लष्करी न्यायालयाला, जज अ‍ॅडव्होकेट म्हणजे विधी अधिकारी हजर असावाच लागतो. हे न्यायालय फाशीपर्यंत शिक्षा देऊ शकते. त्यातले सदस्य लढाऊ अधिकारी. कोणता पुरावा ग्राह्य, कोणता नाही, हे त्यांना समजावतो तो हा विधी अधिकारी. मत मात्र त्याला नसते. कायदा जाणणारा माणूस मध्ये नसला की काय होते, ते रणजित ठाकूर खटल्यात दिसले. या जवानाने ज्या कमांडिंग ऑफिसरविरुद्ध तक्रार केली, तोच समरी (संक्षिप्त) कोर्ट मार्शलमध्ये न्यायासनावर बसला. जेवायला नकार दिला म्हणून वर्षभर सक्तमजुरी आणि बडतर्फी! सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ती कारवाई रद्द केली.

आता राजमार्गाचे बघू. ‘जॅग’मध्ये जायला वकील म्हणून नोंदणीची पात्रता लागते आणि पगारी नोकरी धरली की सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित करावी लागते. जिल्हा न्यायाधीशपदी थेट नेमणुकीसाठी राज्यघटनेचे कलम २३३ सात वर्षांची वकिली मागते. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. त्यात न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून केलेले काम धरले जाते, कोर्ट मार्शल चालवणाऱ्याचा मात्र उल्लेखही नाही. नवख्या पदवीधरांना कोर्टाचा अनुभव नसतो, हे त्या अटीमागचे कारण. मग दहा वर्षांचे शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीची लष्करी नोकरी, संपवून आलेल्या ‘जॅग’ अधिकाऱ्याला नवखा कसे म्हणायचे? सैनिकांच्या सेवाविषयक तंट्यांसाठीच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे सदस्य होण्याचे दार उघडे आहे, पण त्यासाठी मेजर जनरल दर्जा गाठावा लागतो. तिथवर पोहोचणारे किती?

दिवाणी दावे, वाटण्या, भाडेकरूंची भांडणे यांचा ‘जॅग’ अधिकाऱ्यांना सराव नसतो, हा आक्षेप मला मान्य आहे. ठाण्यात निम्मे काम तेच असते! पण नव्या न्यायाधीशांना शिकवायला उत्तनची न्यायिक अकादमी आपल्याच जिल्ह्यात आहे. दिवाणी प्रक्रिया तिथे शिकवता येते. साक्षीदार खोटे बोलतोय हे ओळखायला मात्र वर्षे जावी लागतात. मुंबई उच्च न्यायालय आणि राज्य शासनाने या सेवेची वर्षे अनुभवात धरावीत यासाठी पावले उचलावीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘जॅग’ भरतीतील पुरुषांसाठीच्या जादा जागा रद्द केल्या. त्यामुळे आमच्याकडे शिकाऊ म्हणून येणाऱ्या मुलीही आता या शाखेबद्दल विचारतात. त्यांनी जरूर जावे. पण ती वर्षे इथे मोजली जात नाहीत, एवढे तरी आपल्या पुरवणीने पुढच्या अंकात ठळक छापावे.

आपला,
एक वकील, नौपाडा, ठाणे (पश्चिम)