कात्री कुणाच्या हातात?

संपादक साहेब, नमस्कार. परवा आमच्या वडगावात गल्लीत पडद्यावर पिक्चर लावला होता, पोरंबाळं, बायका सगळे चटया टाकून बसलेले, आणि मधेच पिक्चर उडाला की ओ, नवराबायकोचं भांडण रंगात आलेलं ते डायरेक्ट वरातीत. चौकशी केली तर एकानं पेनड्राइव्हवर घेऊन "घाण" सीन आधीच कापलेले. हेतू चांगला असेल, पण हे चालतं काय? 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 57 आहे, मोडतोड करून कर्त्याच्या नावाला बाधा आली तर तो दाद मागू शकतो, आणि सेन्सॉर झाल्यावर परस्पर बदल चालत नाहीत. अमेरिकेत 2006 मध्ये कोर्टानं अशा कापलेल्या डीव्हीडी विकणाऱ्यांना थांबवलं. मात्र तिथं 2005 च्या कायद्यानं घरात बघताना सीन गाळायला मुभा आहे, फक्त कापलेली वेगळी कॉपी करायची नाही. हे मला पटतं बघा. घरी रिमोट माझ्याकडं, नको तो सीन मी पळवतो, आई तर तेवढ्यात चहा ठेवायला उठते. पण अख्ख्या गल्लीसाठी एकट्यानं कसं काय ठरवायचं? आणि मी तो पिक्चर थेटरात बघितलाय, त्या भांडणात शिवी एकच, ती पण कन्नडमध्ये.

- एक वाचक, वडगाव, बेळगाव