सूचना: मेडिकल आणि लॉगबुक

सर्व विद्यार्थी वैमानिक सभासदांना,

पावसाळा सरत आला, धावपट्टीवर पुन्हा गर्दी होईल. त्याआधी आपापल्या क्लास टू मेडिकलची (वैमानिकाच्या वैद्यकीय तंदुरुस्तीच्या प्रमाणपत्राची) मुदत तपासा. ती संपली असेल तर सोलो (एकट्याने उड्डाण) मिळणार नाही. इन्स्ट्रक्टरशी हुज्जत घालू नये.

पीपीएलसाठी (खासगी वैमानिक परवान्यासाठी) उड्डाणाचे किमान ४० तास लागतात. त्यांत एक सोलो क्रॉसकंट्री (लांब पल्ल्याची फेरी) निदान १५० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून, पूर्ण थांबून. तेव्हा लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) उड्डाणाच्या दिवशीच भरा आणि सहीही लगेच घ्या. महिनाभराने कुणाला कोणतं सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) आठवतं? (मलाही आठवलं नव्हतं.) खाडाखोड नको, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही.

हवामानाचा पेपर राहिलेल्यांनी रविवारी सकाळी ९ वाजता यावं. मेटार (विमानतळावरच्या हवामानाचा सांकेतिक अहवाल) वाचायचा सराव घेऊ. वही-पेन घरून आणा.