फॅमिलीत तुमचं नाव

प्रिय आई-बाबा,

परवा बाबा फोनवर म्हणाले, "व्हिसाच्या अर्जात फॅमिलीची नावं घालता येतात ना, मग आमचीही घालून टाक की," आणि तेवढ्यात ओवी रडायला लागली म्हणून मी घाईत फोन ठेवला, ते मनात राहिलंय म्हणून लिहितेय.

काल रात्री अर्ज भरला. ४८५ नंबरचा, म्हणजे टेम्पररी ग्रॅज्युएट व्हिसा. कोर्स संपल्यापासून सहा महिन्यांत टाकायचा असतो, आणि मास्टर्सवर आपल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना ऑस्ट्रेलियात तीन वर्षं मिळतात. मंदार आणि ओवी माझ्याच अर्जात आहेत. इंग्रजीची परीक्षा फक्त मला, पण पोलीस चेक मंदारलाही लागला आणि इन्शुरन्स तिघांचा. या व्हिसावर आम्ही दोघंही फुल टाइम नोकरी करू शकतो, मग जरा श्वास घेता येईल.

पण बाबा, यांच्या हिशोबात फॅमिली म्हणजे नवरा-बायको आणि मुलं, बस. आई-वडील बसतच नाहीत त्यात. मला खूप लागलं ते, ज्यांनी एफडी मोडून माझी पहिली फी भरली त्यांच्यासाठी साधा एक रकाना नाही. तुमच्यासाठी ६०० नंबरचा व्हिजिटर व्हिसा वेगळा काढावा लागेल. आई-वडिलांना जास्त वर्षं ठेवून घेता येतं असा ८७० पण आहे, पण त्यासाठी मुलगी आधी पीआर, म्हणजे इथली कायमची रहिवासी तरी हवी, आणि ते अजून लांब आहे.

पासपोर्ट स्कॅन करताना मात्र शेवटचं पान आलं, त्यावर तुमची दोघांची नावं आणि खाली आपला साताऱ्याचा पत्ता. मी ते पान तसंच उघडं ठेवून बसले होते कितीतरी वेळ, मंदारने विचारलं काय झालं, मला सांगताच येईना.

गणपतीला यायचं आत्ताच नक्की धरू नका. स्टुडंट व्हिसा संपला की ४८५चा निकाल येईपर्यंत ब्रिजिंग व्हिसा ए, म्हणजे मधल्या काळापुरता व्हिसा असतो, त्यावर देश सोडला की परत येता येत नाही, आधी ब्रिजिंग व्हिसा बी काढावा लागतो, तो मिळाला तर येईनच.

आणि आई, तुझा पासपोर्ट संपत आलाय, मागच्या वेळी बघितलेलं मी. बाबा, या आठवड्यात तिची रिन्यूअलची अपॉइंटमेंट घ्याच, तुमचा व्हिजिटरचा अर्ज मी इथून भरते.

तुमची,
सोनी