एमसीबी पडतो तो उगाच नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

घराला आग लागू नये म्हणून काय काळजी घ्यावी, हा कालच्या पुरवणीतला पानभर लेख दोनदा वाचला. अग्निशामक नळकांडे कुठे टांगावे, त्याची पिन कशी ओढावी, फोन कुणाला करावा, सगळे सविस्तर आहे. त्याबद्दल आभार. पण हे सगळे आग लागल्यावरचे झाले. ती लागते कशी, यावर लेखात एकच वाक्य आहे, ‘शॉर्टसर्किट होऊ देऊ नका’. म्हणजे घरातल्या माणसाने नेमके करायचे काय?

माझ्या बहिणीकडे घडलेले सांगते. तिच्याकडे 3000 वॉटचा गीझर, 2000 वॉटचा ओव्हन आणि 1000 वॉटची इस्त्री, तिन्ही एकाच लाइनवर. सगळे एकदम चालू झाले की 230 व्होल्टवर 26 अँपिअर होतात. लाइनला एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून लाइन बंद करणारा स्विच, 16 अँपिअरचा, तो सारखा पडायचा. पडणारच, त्याचे कामच ते आहे. तिने वायरमनला बोलावले. त्याने पाच मिनिटांत 16चा काढून 32चा बसवला, ‘आता नाही पडणार’ म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. खरोखरच पडला नाही. घरात सगळे खूश.

पुढे काही महिन्यांनी तिच्या सासूबाईंना ओव्हनच्या बोर्डाजवळ जळका वास यायला लागला. घरच्यांनी आधी ओव्हनच धुऊन काढला. सासूबाई मात्र हटून बसल्या, म्हणून दुसऱ्या वायरमनने बोर्ड उघडला. आतल्या वायरचे आवरण तपकिरी झाले होते, बोट लावले की त्याचे तुकडे पडत होते. सॉकेटचा एक स्क्रू सैल होता, त्याच्याभोवतीचे प्लास्टिक वितळून काळे पडले होते. तो म्हणाला, “ताई, वायर तीच ठेवून एमसीबी दुप्पट कुणी केला?”

हा प्रश्न लेखात हवा होता. एमसीबी गीझर-ओव्हन वाचवायला नसतो, भिंतीतली वायर वाचवायला असतो. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते आणि नेहमीच्या पीव्हीसी वायरचे आवरण 70 अंशांपर्यंतच टिकेल असे धरलेले असते. म्हणून वायर जाड न करता एमसीबी मोठा करणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवणे. आणि स्क्रू सैल असेल तर योग्य एमसीबीसुद्धा पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. तापतो तो फक्त सांधा. तिथे माणसाचे नाक आणि हातच कामाला येतात. प्लग काढताना पिना गरम लागल्या, बोर्ड पिवळा पडला, चालू उपकरण मध्येच तडतडले, की तो पॉइंट त्याच दिवशी बंद करायचा आणि दुरुस्त झाल्याशिवाय वापरायचा नाही. गीझरला, ओव्हनला स्वतंत्र लाइन हवी, ही उपकरणे एक्स्टेन्शन बोर्डावर चालवू नयेत. एवढे लिहायला चार ओळी पुरल्या असत्या.

त्या पहिल्या वायरमनचा राग मला अजून आहे. पण बहिणीला हे कुठे वाचायला मिळाले असते तर तिने त्याला तिथेच थांबवले असते, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

आता लेखासोबतच्या चित्राबद्दल. पेटलेल्या कढईवर एक गृहस्थ बादलीने पाणी ओतताना दाखवले आहेत. हे चित्र छापण्यापूर्वी कुणीच पाहिले नाही का? पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाते, तिथे क्षणात त्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे 1700 पट जागा लागते. ती वाफ पेटते तेल उडवते, थेट ओतणाऱ्याच्या अंगावर. अशा वेळी गॅस बंद करायचा, कढईवर घट्ट बसणारे झाकण कडेने सरकवायचे आणि ती पूर्ण थंड होईपर्यंत ना झाकण उचलायचे, ना कढई हलवायची. मुले लेख वाचत नाहीत, चित्र बघतात.

तेव्हा कृपया दुरुस्ती छापावी. आतल्या पानावर बारीक टायपात नको. ज्या पुरवणीत, ज्या जागी ते चित्र आले, तिथेच आणि तेवढ्याच आकारात, झाकण ठेवणाऱ्या हाताचे चित्र द्यावे.

आपली,
एक नियमित वाचक